ग्रंथालयातला गोष्टींचा तास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या डिचोली, पेडणे, फोंडा, सत्तरी इथल्या वाचनालयांतून, अंगणवाडीतल्या तायांकडून आणि पालकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सहा वर्षांपर्यंतच्या मुलांपुरती आहेत. एखाद्या उत्तराचा उरलेला भाग दुसरीकडे असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. गोष्टींचा तास म्हणजे मुलांना बसवून गोष्ट सांगायची, एवढंच ना?

गोष्ट असतेच, पण ती निमित्त. मुलं, त्यांच्यासोबत आलेलं घरचं माणूस आणि दोन-तीन चित्रपुस्तकं यांच्यात बोलणं सुरू व्हावं यासाठी हा तास. मुलं किती शांत बसली हे आम्ही पाहत नाही, किती बोलली ते पाहतो. सांगणाऱ्याने वाघाचा आवाज काढला, पालकांनी टाळ्या वाजवल्या आणि मुलं अर्धा तास गप्प राहिली, तर तो चांगला नाट्यप्रयोग झाला. गोव्यात गावोगावी नाटकं बसतात, त्यामुळे हा मोह इथे जरा जास्तच होतो.

२. माझं बाळ आठ महिन्यांचं आहे. त्याला काय कळणार? कधीपासून आणू?

आत्तापासून आणा. गोष्ट कळणार नाही. पण आवाजाची चढ-उतार, यमक आणि मांडीवर बसून कोणीतरी आपल्याशी बोलतंय, हे त्याला नक्की कळतं. या वयाला पुस्तक कमी आणि बडबडगीतं जास्त. ‘अडगुलं मडगुलं’ किंवा बोटं मोजत म्हणायची ‘करंगळी मरंगळी’ यांना काही साहित्य लागत नाही, आणि बहुतेक आज्यांना ती पाठ असतात. पुस्तक चावलं जाणारच. जाड पुठ्ठ्याची पुस्तकं वेगळ्या टोपलीत ठेवावीत आणि तासानंतर ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावीत.

माणसं पुरत असतील तर दीड वर्षांपर्यंत, दीड ते तीन आणि तीन ते सहा असे तीन गट करावेत. नसतील तर एकच गट घ्या, पण तासाची लांबी सर्वांत लहान मुलाच्या धीरावर ठरवा.

३. तास किती वेळाचा असावा? आणि आधी काय, नंतर काय?

नावच फक्त तास. बाळांना पंधरा मिनिटं पुरे, तीन ते सहाच्या मुलांना अर्धा तास. त्यानंतर पुस्तकं चाळायला आणि घरी न्यायला पंधरा-वीस मिनिटं मोकळी ठेवा. ती ठेवली नाहीत तर पुस्तक घरी जात नाही.

सुरुवातीला दर वेळी तेच स्वागतगीत. त्यात प्रत्येकाचं नाव आलं तर उत्तम. मग लगेच मोठं पुस्तक, कारण मुलं तेव्हा ताजी असतात. त्यानंतर उठून उड्या मारायचं किंवा हातवाऱ्यांचं गाणं, मग छोटं पुस्तक, मग निरोपाचं गाणं. मोठ्यांच्या सभेत मुख्य वक्ता शेवटी उभा राहतो, इथे उलट करायचं.

वेळ शनिवार-रविवारची सकाळची धरा. दुपारी जेवणानंतर गोव्यात मोठी माणसंही आडवी होतात, मुलांना कशाला उठवता?

४. मुळाक्षरं, बाराखडी का घेत नाही? मुलं नुसतीच खेळून येतात.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, बहुधा पहिलीच्या प्रवेशाच्या सुमारास. अक्षरं ओळखणं हा वाचनाचा एक भाग आहे. ‘पाऊस’ अशी अक्षरं जोडून वाचणाऱ्या मुलाला पावसाबद्दल आधीच भरपूर बोलता येत असेल, तरच त्या वाचण्याला अर्थ येतो. शब्दांचा साठा, गोष्टीला सुरुवात-मध्य-शेवट असतो ही जाण, पुस्तक कुठून उघडायचं आणि ओळ कुठून कुठे जाते याची सवय, आणि बोलण्यातले ध्वनी वेगवेगळे ऐकू येणं, एवढी तयारी अक्षरांच्या आधी आणि अक्षरांसोबत व्हावी लागते. ती गोष्टींच्या तासात होते.

घाईचं कारणही नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही वर्षं मिळून एकच पायाभूत टप्पा मानला आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ मोहिमेचं उद्दिष्टही तिसरी संपेपर्यंत मुलाला समजून वाचता यावं, असं आहे.

अक्षरं आम्ही लपवून ठेवत नाही. मुखपृष्ठावरचं नाव बोटाखाली धरून वाचतो, लेखक आणि चित्रकार सांगतो. ‘हें कितें बरयलां?’ (हे काय लिहिलंय?) असं मुलाने कोंकणीत विचारलं की तिथल्या तिथे वाचून दाखवतो. हजेरीला नावाच्या चिठ्ठ्या ठेवल्या की चार-पाच वर्षांची मुलं काही आठवड्यांत आपलं नाव उचलायला लागतात, मग मैत्रिणीचंही.

५. ‘ध्वनी ऐकू येणं’ म्हणजे काय? त्यासाठी काही खास साहित्य लागतं का?

दोन हात लागतात. शब्द म्हणायचा आणि त्याच्या तुकड्यांवर टाळ्या द्यायच्या: का-जू, दोन टाळ्या, मा-टो-ळी (चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गणपतीच्या वर टांगतात ती फळाफुलांची सजावट), तीन. यमक जुळवणं, ‘म’ने सुरू होणारी नावं शोधणं, हेही त्यातलंच.

इथे मोठी माणसंच गडबडतात. ‘नारळ’ लिहिताना तीन अक्षरं, पण बोलताना ना-रळ, दोनच टाळ्या. ‘फणस’, ‘पोपट’ यांचंही तसंच. मूल कानाने ऐकतं म्हणून दोन टाळ्या देतं, आणि बाई लिहिलेलं डोळ्यांपुढे आणून ‘तीन, तीन!’ म्हणतात. मुलाचं बरोबर आहे, त्याला दुरुस्त करू नका.

६. पुस्तक निवडताना काय पाहायचं?

आधी चित्रं. शेवटच्या रांगेतल्या मुलाला ती दिसायला हवीत. हातात मावणारं नाजूक पुस्तक घरी मांडीवर छान, वीस मुलांपुढे निरुपयोगी. पानावर दोन-चार ओळी असाव्यात. एखादं वाक्य पुन्हा पुन्हा येणारं असावं, म्हणजे तिसऱ्या पानापासून मुलं सोबत म्हणू लागतात. शेवटच्या पानावर तात्पर्य छापलेलं असेल तर आम्ही ते वाचत नाही. ‘म्हणून मुलांनो, खोटं बोलू नये’ म्हटलं की मुलं जांभई देतात, आणि तिथे त्यांचं बरोबरच असतं.

घरी एकदा मोठ्याने वाचून पाहा. पुस्तक शरीराच्या बाजूला, मुलांच्या नजरेच्या उंचीला धरून पान खालच्या कोपऱ्यातून उलटायचं, याचा सराव लागतो. पाठीमागे खिडकी नको, उजेडापुढे चित्र काळं दिसतं.

७. लहान मुलांची चांगली मराठी पुस्तकं मिळतात कुठे?

नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय माला, प्रथम बुक्स, ज्योत्स्ना प्रकाशन आणि तूलिका यांच्या याद्यांपासून सुरुवात करा. ‘स्टोरीवीव्हर’ या प्रथम बुक्सच्या संकेतस्थळावर मराठी आणि कोंकणी दोन्ही भाषांतली चित्रपुस्तकं मोफत वाचायला आणि उतरवून घ्यायला मिळतात. एकाच गोष्टीची दोन भाषांतली रूपं सापडली तर ती घ्याच (प्रश्न १० पाहा).

पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची सुरुवात १८३२ ची, आणि तिथे मुलांचा स्वतंत्र विभाग आहे. एकदा तिथे बसून पुस्तकं चाळा, मग खरेदीची यादी करा. बुकवर्म ही संस्था २००५ पासून गोव्यात मुलांच्या ग्रंथालयांचं काम करते. नव्याने सुरू करणाऱ्यांनी तिचंही काम जरूर पाहावं.

८. गोष्ट पुस्तकातून वाचायची की तोंडी सांगायची?

दोन्ही, पण एकाच्या बदली दुसरं नको. तोंडी सांगताना डोळे मुलांवर राहतात आणि गोष्ट हवी तिकडे वळवता येते. वाचताना मुलांच्या कानावर पुस्तकी मराठी पडते. ‘इतक्यात’, ‘एकाएकी’, ‘तरीसुद्धा’ हे शब्द स्वयंपाकघरात फारसे कोणी वापरत नाही, पण पुढे पाठ्यपुस्तकात ते पानोपानी भेटतात. म्हणून वाचताना सोपं करण्यासाठी ते गाळू नका. आवाजाने आणि चेहऱ्याने अर्थ पोचवा.

९. मध्येच प्रश्न विचारले तर गोष्टीची गंमत जात नाही का?

प्रत्येक पानावर परीक्षा घेतली तर जातेच. पहिल्या वाचनात जवळजवळ थांबू नका, दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात दोन-तीन ठिकाणी थांबा.

या पद्धतीला संवादी वाचन म्हणतात. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. साधारण दोन वर्षांच्या मुलांच्या पालकांना वाचता वाचता मुलाला बोलतं कसं करायचं हे शिकवलं, आणि महिनाभरातच ती मुलं नेहमीच्या पद्धतीने वाचून दाखवलेल्या मुलांपेक्षा बोलण्यात पुढे गेलेली दिसली.

चिऊ-काऊची गोष्ट घ्या. ‘काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर…’ इथे थांबा, मुलं पुरं करतील. ‘चिऊ दार का उघडत नव्हती?’ याला चार मुलं चार कारणं देतील, सगळी घ्या. ‘तुझ्या घरात पाऊस कुठून येतो?’ हा प्रश्न मात्र पुस्तकातून घरी नेतो आणि खरं बोलणं तिथे फुटतं. कौल फुटल्याचं, बाबा शिडीवर चढल्याचं, आजीने खाली बालदी ठेवल्याचं सगळं बाहेर येतं. ‘हे काय आहे? हा रंग कोणता?’ असले प्रश्न कमी करा. त्यांची उत्तरं एका शब्दात संपतात.

मुलाने उत्तर दिलं की त्याचंच बोलणं थोडं वाढवून परत द्यायचं. ते म्हणालं ‘पाणी’, तर तुम्ही ‘हो, पाणी काऊच्या घरात शिरलं!’ मग थांबा. हे थांबणं आपल्याला जड जातं. मनात पाच आकडे मोजा, तोवर बोलू नका.

१०. आमच्या घरी कोंकणी बोलतात. गोष्ट मराठीतून ऐकून मुलाचा गोंधळ होणार नाही ना?

नाही. दोन भाषा ऐकत वाढणारी मुलं त्या वेगळ्या ठेवायला शिकतात. मधल्या काळात एका वाक्यात दोन्ही मिसळली तर तो बिघाड नव्हे. गोव्यात तर घरात कोंकणी, देवळातल्या भजनात मराठी, दुकानाच्या पाटीवर इंग्रजी, हे सगळं मूल पाळण्यापासून ऐकत असतं.

आमची रीत साधी आहे: पुस्तकाचा मजकूर मराठीत, त्यावरच्या गप्पा कोंकणीत. मूल चित्राकडे बोट करून ‘सुणो!’ म्हणालं की ‘हो, सुणो! या पुस्तकात त्याला कुत्रा म्हटलंय’ एवढंच. ‘सुणो नाही, कुत्रा म्हण’ असं कोणी म्हणालं की ते मूल पुढची दहा मिनिटं बोलत नाही. माजर-मांजर, पावस-पाऊस असे जवळचे शब्द मुलं स्वतःच जुळवतात. उदक-पाणी जुळत नाही, तिथे हसतात.

पालकांनी घरी हीच गोष्ट कोंकणीतून सांगावी. ज्या भाषेत आईला, आजीला मोकळं बोलता येतं, त्याच भाषेत मुलाला सगळ्यात जास्त शब्द मिळतात. आजीला मुद्दाम शुद्ध मराठी बोलायला लावू नका.

कधीकधी भाषेचा जुना वाद तासाला येऊन बसतो. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या शासकीय वापरालाही जागा दिली. त्यावर मोठ्यांना काय बोलायचं ते चपलांपाशी बोलावं, सतरंजीवर नको.

११. आमच्याकडे कन्नड आणि हिंदी बोलणारी मुलंही येतात. त्यांना काहीच कळत नाही, काय करू?

महिन्यातून एक-दोनदा शब्द नसलेलं, नुसत्या चित्रांचं पुस्तक घ्या. तिथे सगळे सारखेच. एरवी हातवाऱ्यांची गाणी आणि पुन्हा पुन्हा येणारं वाक्य यांवर ही मुलं लवकर सामील होतात. पहिले काही आठवडे नुसती ऐकतात, तेही चालू द्या. त्यांच्या आईला विचारून भोपळ्याला, पावसाला त्यांच्या भाषेत काय म्हणतात ते सगळ्यांकडून म्हणवून घ्या. ‘ओंदु, एरडु, मूरु’ म्हणत पायऱ्या मोजायला बाकीच्या मुलांनाही मजा येते, आणि ज्याची ती भाषा आहे तो त्या दिवसाचा गुरुजी होतो.

१२. मूल इंग्रजी शाळेत जाणार आहे. मग मराठी-कोंकणी गोष्टींचा उपयोग काय?

गोष्ट समजणं, पुढे काय होईल याचा अंदाज बांधणं, ध्वनी वेगळे ऐकणं या गोष्टी एका भाषेत आल्या की दुसऱ्या भाषेत पुन्हा पहिल्यापासून शिकाव्या लागत नाहीत. घरात कोणी सहज इंग्रजी बोलत नसेल आणि तरी मुलाशी तोडक्यामोडक्या इंग्रजीतच बोललं, तर त्याला दोन्ही भाषा अर्ध्या मिळतात.

१३. एकच मुलगा सगळी उत्तरं देतो, आणि एक मुलगी तोंडच उघडत नाही.

बोलक्याला काम द्या: पान उलटायला, बाहुली धरायला. प्रश्न विचारल्यावर ‘आधी शेजारच्याच्या कानात सांगा’ म्हणा, म्हणजे सगळेच बोलतात.

गप्प मुलीला सगळ्यांसमोर विचारू नका. ‘लाजू नको, बोल’ हेही नको. तिच्या आईला घरी विचारून पाहा. अशी मुलं तासात हूं की चूं करत नाहीत आणि घरी बाहुल्यांपुढे तीच गोष्ट जशीच्या तशी वाचतात. (बोलण्याबद्दल खरीच काळजी असेल तर प्रश्न २१.)

१४. गोष्ट चालू असताना मुलं उठून पळतात. ओरडायचं का?

नाही. तीन वर्षांखालचं मूल फिरत फिरतही ऐकतं. दाराला आडोसा असला म्हणजे पुरे. पण निम्मी मुलं उठली तर दोष पुस्तकाचा किंवा लांबीचा. सरळ पुस्तक मिटा आणि उड्यांचं गाणं घ्या. गोष्ट पुरी केलीच पाहिजे असा कायदा नाही.

१५. पालक मागे बसून मोबाईल पाहतात. त्यांना काय सांगायचं?

त्यांना मागे बसवूच नका. खुर्च्या काढा, सतरंजीवर मुलाला मांडीत घेऊन बसवा, आणि गाण्यात त्यांच्याही हातांना काम द्या. आठवड्यातला अर्धा तास आमच्याकडे असतो, बाकी सगळा आठवडा मूल घरी असतं. म्हणून निघताना एकच छोटी गोष्ट सांगा: ‘आज भात कालवताना टाळ्यांचा खेळ खेळा.’ पाच गोष्टी सांगितल्या तर एकही होत नाही. वाचता न येणाऱ्या पालकांना हे जास्त उपयोगाचं: चित्र पाहून बोलायला अक्षर यावं लागत नाही.

१६. मुलाला दर वेळी तेच पुस्तक हवं असतं.

मग तेच द्या. तासातही एखादं पुस्तक तीन-चार आठवडे ठेवा. प्रश्न ९ मधल्या गप्पा पुस्तक ओळखीचं झाल्यावरच रंगतात.

१७. सणांच्या गोष्टी घ्याव्यात का? वेगवेगळ्या धर्मांची मुलं असतात.

घ्याव्यात. सणातली पूजा नको, वस्तू आणि माणसं घ्या. चवथीची माटोळी म्हणजे तर शब्दांचं भांडार: नारळ, सुपारीचे घोस, तोरिंगं, आंबाडे, चिबूड, कांगलां. यातलं दोन-चार खरंखुरं आणून हातात द्या, वास घेऊ द्या, नावांवर टाळ्या वाजवा. २४ जूनच्या सांजावला (विहिरीत उड्या मारून साजरा होणारा ख्रिस्ती सण) पानाफुलांचे मुकुट करा आणि विहिरीच्या, बेडकाच्या गोष्टी घ्या. नाताळाचा कागदी तारा, ईदची शेवयांची खीर, सगळ्यांना जागा आहे. फक्त चवथीलाच मोठा कार्यक्रम आणि बाकीच्यांची एका ओळीत बोळवण, असं होऊ देऊ नका. मुलांच्या ते लक्षात येतं.

१८. राक्षसाच्या गोष्टी सांगाव्यात का? आमची मुलगी नरकासुर पाहून रात्रभर रडली.

दिवाळीच्या आदल्या रात्री चौकाचौकात उभे राहणारे ते पुतळे आणि सोबतचा दणदणाट पाहून मोठेही दचकतात. पुस्तकातला राक्षस वेगळा. तो मिटून ठेवता येतो. तीन वर्षांखालच्या मुलांना राक्षस नकोच. चार-पाचच्या मुलांना थोडी भीती हवी असते, पण शेवटी सगळं ठीक व्हावं लागतं आणि मांडी जवळ लागते. अक्राळविक्राळ आवाज मुलाच्या तोंडासमोर काढू नका. कोणी घाबरलं तर पान उलटायचं काम त्यालाच द्या: राक्षसाला कधी घालवायचं ते तो ठरवेल. मुलीला आता एखाद्या दिवशी नरकासुर बांधताना दाखवा. आत सुकं गवत आणि कागद भरलेला दिसला की धाक पुष्कळ कमी होतो.

१९. पावसाळ्यात तास बंद ठेवावा का?

ठेवू नका, जून ते सप्टेंबर घरात कोंडलेली मुलं याची वाट पाहतात. पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की वाचणं थांबवा आणि मुलांना जवळ ओढून हातवाऱ्यांची गाणी घ्या. पुस्तकांना बुरशी लागते, त्यासाठी कपाटं भिंतीपासून थोडी पुढे ओढा, पंखा चालू ठेवा, ओलसर पान सावलीत वाळवा. कडक उन्हात बांधणी उकलते.

२०. गोष्टीचं वाचन रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकलं तर चालेल का?

पुस्तक प्रकाशकाचं असेल तर आधी लेखी परवानगी घ्या. वाचनालयात समोर बसलेल्या मुलांना विनामूल्य वाचून दाखवणं वेगळं, कायमचं ध्वनिचित्रमुद्रण सगळ्या जगापुढे ठेवणं वेगळं. स्टोरीवीव्हरवरची मुक्त परवान्याची पुस्तकं लेखक, चित्रकार, अनुवादक यांचा उल्लेख करून वापरता येतात. मुलांचे चेहरे दिसत असतील तर पालकांची संमती घ्या, व्हॉट्सॲप गटावर फोटो टाकतानाही.

शिवाय दोन वर्षांखालच्या मुलांसाठी असे व्हिडिओ करूच नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार एक वर्षाच्या मुलांनाही पडदा दाखवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून जास्त नको.

२१. मुलगा अडीच वर्षांचा आहे, अजून दोन शब्द जोडत नाही. तासाला आणलं तर बोलू लागेल का?

जरूर आणा, पण तेवढ्यावर विसंबू नका. दोन वर्षांपर्यंत मुलं साधारणपणे ‘आई ये’, ‘दूध हवं’ असे दोन शब्द जोडू लागतात. तसं होत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि आधी कान तपासून घ्या. ‘याचे बाबाही उशिरा बोलले होते’ या समजुतीत वेळ जातो. कार्यकर्त्यांनी निदान करू नये. ‘डॉक्टरांना एकदा विचारून घ्या’ एवढं बाजूला घेऊन सांगावं, आणि मुलाचं नाव स्वागतगीतात दर वेळी घ्यावं.

२२. वाड्यावरून तीनच मुलं आली. तास रद्द करू का?

तिघांसाठी घ्या. तीन मुलं असली की पुस्तक प्रत्येकाच्या हातात जातं आणि प्रश्न १३ मधली अडचण उरत नाही. न आलेल्या घरी मात्र स्वतः जाऊन सांगा, शाळेच्या फलकावरची सूचना फार थोडे वाचतात. अंगणवाडीताईंना सोबत न्या. कोणत्या घरात कोणत्या वयाचं मूल आहे ते त्यांना ठाऊक असतं.